बागा जागेवरच होत्या

नागपूरला बागा बघायला कुणी जात नाही. लोक संत्र्यांसाठी जातात, अधिवेशनात काम अडलं असेल तर जातात, दीक्षाभूमीला जातात, नाहीतर पेंचच्या वाघाकडे निघालेले असताना एक रात्र तिथं काढतात. मी साताऱ्याहून, सत्तरी केव्हाच ओलांडल्यावर, मुद्दाम बागाच बघायला गेलो. आणि खरं सांगायचं तर त्या वाळलेल्या, मोडलेल्या दिसाव्यात अशी इच्छा धरून गेलो.

त्याचं कारण माझी थोरली बहीण. आम्ही तिला अक्का म्हणायचो. नागपुरात ती सुशी होती. लग्न होऊन ती तिकडं गेली आणि चाळीसएक वर्षं नंदनवन भागात राहिली. मूलबाळ झालं नाही. मेहुणे वारल्यावर ती दोन वर्षं एकटीच होती. मग मी जाऊन तिला साताऱ्याला घेऊन आलो. भाऊ असावा तर असा, असं सगळे म्हणाले. अजून म्हणतात. हे लिहायला बसण्याचं तेही एक कारण आहे.

आल्यावर पहिल्याच कार्तिकात ती म्हणाली, "मले आवळीभोजनाले जायचं आहे." इतक्या वर्षांत तिची भाषा पुरती नागपुरी झाली होती, माझी नातवंडं हसायची, ती मनावर घ्यायची नाही. आवळीभोजन आमच्याकडेही असतं. आवळ्याच्या झाडाखाली एक दिवस जेवायचं, झालं. पण तिच्या मैत्रिणींचं तसं नव्हतं. कॉलनीच्या बगिच्यात सगळ्या जमायच्या, झाडाला सूत गुंडाळायच्या, वांग्याचं भरीत आणि रोडगे, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे जाड गोळे, करायच्या. वर्षभराची भांडणं त्या झाडाखाली मिटायची, काही नवी सुरू व्हायची.

माझे गुडघे तेव्हा नुकते दुखू लागले होते. बायको आजारी होती. प्रवास लांबचा. मी म्हणालो, "कुठं जातेस अक्का? तो बगिचा आता राहिलेला नाही. इमारत उभी राहिलीय तिथं."

"कोणं सांगितलं?"

"पेपरात होतं."

मी शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. न पाहिलेल्या प्रदेशांचं वर्णन करण्यात जन्म गेला, आणि ऐकणाऱ्यांनी विश्वास ठेवण्याचीही सवय झालेली. पुढच्या वर्षी तिनं विचारलं, निदान तेलंगखेडीचा बगिचा तरी आहे का? मी तो पाण्यावाचून वाळवला. महाराजबागेतली झाडं रुंद रस्त्यासाठी तोडली. महालातल्या तुळशीबागेवर घरं बांधली. साताऱ्याच्या घरात, सोप्यातल्या खुर्चीवर बसून मी नागपूरची एकेक बाग मोडून टाकली. ती ऐकून घ्यायची. म्हणायची, "पाय बरं." म्हणजे बघ बरं. पुढं पुढं तिनं विचारणं सोडलं.

एवढंच असतं तर मी कदाचित गेलो नसतो. घरात फोन माझ्या हातात असे; तिच्या मैत्रिणींचे आले तरी बहुतेक मीच खुशाली सांगून ठेवायचो. एकदा कुसुमताईंकडून फोन आला. कुसुमताई म्हणजे अक्काची सगळ्यांत जवळची मैत्रीण. त्यांचे यजमान गेले होते. अक्काला त्या दिवशी ताप होता. मी म्हणालो, सांगतो. ताप उतरला तरी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ती त्याच पावली निघाली असती. आणखी काही दिवस गेल्यावर सांगायची सोयच उरली नाही.

मी काय लपवतोय ते मला पक्कं ठाऊक होतं. त्या बायकांची एक रीत अक्कानंच मला सांगितली होती. त्यांच्यातली कुणी विधवा झाली की पुढच्या कार्तिकात तिच्या जवळच्या मैत्रिणीनं तिच्या घरी जायचं, हात धरून तिला झाडापाशी आणायचं आणि सगळ्यांदेखत तिला हळदीकुंकू लावायचं. घरच्यांनी तोंडं वाकडी केली तरी. अक्काला कुसुमताईंनी असं आणलं होतं. ते सांगताना अक्काचा आवाज बदलायचा. म्हणजे कुसुमताईंवर तो प्रसंग आला तेव्हा जायचा मान अक्काचा होता.

अक्का मागच्या चैत्रात गेली. मी कुसुमताईंना फोन करून कळवलं. त्या म्हणाल्या, "बरं." आणि फोन ठेवला.

तेलंगखेडी

धरमपेठेत एक खोली घेतली होती. खाली चहाचं दुकान, समोर कपड्यांच्या दुकानाच्या चकचकीत काचा. आदल्या दिवसापासून ढग होते. थंडी म्हणावी अशी नाही, पण हवेत ओल होती. खोलीतून कुसुमताईंना फोन लावला. नाव सांगितलं.

"आता काय काम काढलं?"

"भेटायचं होतं. थोडं सांगायचं आहे."

"परवा आमचं आवळीभोजन आहे. तिथंच या. घरी नका येऊ."

"कुठं असतं?"

"कुठं म्हणजे? जिथं राहते तिथंच. बगिच्यात."

म्हणजे नंदनवनची बाग होती. मी फोन खाली ठेवला आणि उरलेल्या तिघींवर आशा धरली. माणूस खोटा ठरला तरी पूर्ण खोटा ठरू नये असं त्याला वाटतं.

रिक्षावाला तरुण होता, बोलका. "काकाजी, बगिच्यात दुपारी काय पाहता? फुटाळ्यावर चला, तिथं पब्लिक राहते." तरी मी तेलंगखेडीलाच चल म्हटलं. ही भोसल्यांच्या काळातली बाग. आम्ही पोचलो तर फाटकाला साखळी आणि कुलूप. आत सामसूम. जवळच्या भिंतीवर शेवाळ वाळून काळं पडलेलं. मला जे वाटलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मला बरं वाटलं. बंद पडलीय, असं मी मनाशी म्हणालो. निदान हिच्याबाबत मी खोटं बोललो नाही.

तेवढ्यात आतून पहारेकरी आला. दातात काडी. "कोण पाह्यजे?"

"बाग बंद झाली का हो?"

"दुपारी बंदच राहते. चार वाजता या."

रिक्षावाला हसला. "मी म्हटलं होतं ना काकाजी!"

चारपर्यंतचा वेळ फुटाळा तलावाच्या कठड्यावर काढला. राखाडी पाणी, राखाडी आभाळ, मधली रेघ दिसत नव्हती. भाजलेलं कणीस घेतलं. आमच्याकडे लिंबू-मीठ लावतात. इथल्या माणसानं असं तिखट चोळलं की डोळ्यांतून पाणी आलं. शेजारची दोन पोरं माझ्याकडे बघत होती, हा म्हातारा रडतोय की काय म्हणून. मी कणीस दाखवलं.

चारनंतर आत गेलो. हिरवळ कापलेली होती. उतरत्या टप्प्यांवरून पायऱ्या, मोठी जुनी झाडं, आणि त्यांच्याखाली इतकी दाट सावली की ढगाळ दिवसात ती संध्याकाळपेक्षाही गडद झाली होती. एका पायरीवर ओल्या पाल्यावरून पाय सरकला आणि मी बसलो तो बसलोच. एक नवरा-बायको धावत आले. बाई म्हणाल्या, "एकटे काहून फिरून राहिले आजोबा? घरचं कोणी नाही का संग?"

काहून. अक्काच्या तोंडचा तो ‘का’ कितीतरी दिवसांनी कानावर पडला. घरी कुणी आता तसं बोलत नाही. मी म्हणालो, बहीण होती, यायची राहून गेली. हे वाक्य खरं होतं आणि तरीही खोटं होतं. गुडघ्याला खरचटलं होतं, त्यावर त्या बाईंनी बाटलीतलं पाणी ओतलं.

बाग वाळलेली नव्हती. कधीच वाळली नव्हती.

महाराजबाग आणि महाल

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराजबागेत गेलो. फिरायला आलेल्यांची गर्दी होती. कानटोप्या, मफलर, घाईघाईनं हात हलवत जाणारे पेन्शनर. आमच्याकडचे लोक फिरताना हळू बोलतात. इथं दोन माणसं शेजारी चालत असली तरी रस्ता ओलांडून ऐकू जाईल असं बोलतात, आणि अर्धं हिंदीत. एक गृहस्थ दुसऱ्याला सांगत होते, "मी त्याले म्हटलं, बेटा, तू मले शिकवतं का? मी तुह्या बापाले शिकवलं आहे!"

झाडं उभी होती. मी तोडलेली सगळी. एका प्रचंड बुंध्यावर हात ठेवून उभा राहिलो तर त्या गृहस्थांनी थांबून विचारलं, "तब्येत ठीक आहे ना?" मी मान हलवली. त्यांनी मला ओढतच बाहेर तर्री-पोह्याच्या गाडीवर नेलं. पोह्यांवर हरभऱ्याचा लाल झणझणीत रस्सा ओततात, ती तर्री. साताऱ्याच्या माणसाला पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर हवी. हे म्हणजे पोह्यांना बुडवून मारणं. पण गरम होतं, आणि आदल्या रात्री मी जेवलो नव्हतो.

"कसे काय आले नागपूरले?" त्यांनी विचारलं.

"बागा बघायला."

"मजाक करता! बरं, तुळशीबाग पाह्यली? महालात?"

"आहे का ती?"

"नाव आहे," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच बोलण्यावर मोठ्यानं हसले.

महालात गेलो. जुनी वस्ती, अरुंद रस्ते, दुकानांच्या पाट्या एकमेकींवर चढलेल्या. तुळशीबाग कुठं असं विचारलं की लोक म्हणायचे, ही काय, तुम्ही तुळशीबागेतच उभे आहात. घरं होती, दुचाकी होत्या, दोरीवर वाळत घातलेली चादर होती. भोसल्यांच्या बागेचं माझ्या डोळ्यांना तरी काही दिसलं नाही. इथं मी अक्काला सांगितलेलं खरं निघालं. ज्या क्षणाची मी दोन दिवस वाट बघत होतो तो आला, आणि काही झालं नाही. एका पानठेल्याच्या फळकुटावर मी टेकलो. अक्कानं तुळशीबाग कधी पाहिली तरी होती की नाही, कोण जाणे. मी उगाच तीही मोडली होती, हात लागलाच होता म्हणून.

संध्याकाळी खोलीवर बसून उद्या काय बोलायचं त्याची मनात जुळवाजुळव केली. शब्द निवडले. नंतर लक्षात आलं, मी पुन्हा वर्णनच रचत होतो.

नंदनवन

तिसऱ्या दिवशी पूर्वेकडे, नंदनवनात. अक्काच्या जुन्या घराच्या जागी आता उंच इमारत आहे. मी इमारत उभी केली होती ती बागेवर. ती प्रत्यक्षात उभी राहिली तिच्या घरावर. दोन गल्ल्या सोडून बगिचा. लहानसाच. लोखंडी व्यायामाची साधनं, एक घसरगुंडी, कडेनं चालायची वाट, आणि कोपऱ्यात आवळ्याचं झाड. बारीक पानांचं, फार मोठं नाही. खाली सतरंज्या, स्टीलचे डबे, पिशव्या, स्वेटर घातलेल्या बायका. सगळ्या अक्काच्या वयाच्या नाहीतर थोड्या लहान.

"आले वं सुशीचे भाऊ!" एक ठेंगणी बाई ओरडली. "साताऱ्याचे पेढे आणले, का हात हलवत आले?"

"आणलेत."

"आणले म्हणे! मंग बसू द्या यायले."

"आधी पेढे चाखून पाय वं, मंग बस म्हण," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

पूर्वी म्हणे इथंच गोवऱ्या पेटवून वांगी भाजायच्या. आता बागेत विस्तव लावू देत नाहीत, म्हणून सगळं घरून करून आणतात. रोडग्यांवर कापड झाकलेलं होतं. भाजलेल्या वांग्याचा वास तरी येत होता.

कुसुमताई झाडाला सूत गुंडाळत होत्या. वाळकी, ताठ, पांढऱ्या केसांची बाई. फेरा पुरा करून माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काय सांगायचं होतं, सांगा. पंगत बसायची आहे."

मी जरा बाजूला चला म्हटलं. घसरगुंडीजवळच्या बाकावर आम्ही बसलो. रचलेल्या शब्दांतला एकही कामाला आला नाही. मी म्हणालो, "तुमचे यजमान गेल्याचं अक्काला मी सांगितलंच नव्हतं. फोन मी घेतला होता. तिला शेवटपर्यंत कळलं नाही. आणि हा बगिचा मोडला असं मी तिला सांगितलं होतं. म्हणून ती आली नाही."

हातातली सुताची रीळ त्यांनी मांडीवर ठेवली.

"आमचे हे गेल्याचं तिले ठाऊकच नव्हतं?"

"नव्हतं."

"कधीच?"

"कधीच नाही."

त्या झाडाकडे बघत राहिल्या. तिकडं कुणीतरी लोणच्याची बरणी उघडत नाही म्हणून आरडाओरडा करत होतं.

"त्या वर्षी कार्तिकात मी सकाळपासून तयार होऊन बसली होती, भाऊ. सून म्हणे, आई, जेवून घ्या. मी म्हटलं, थांब वं, सुशी येईन. या बाया आल्या घ्यायले तं मी त्यायले वापस धाडलं. म्हटलं, हा तुमचा मान नाही, तिचा आहे. दिवस बुडाला. मंग मी जेवली." सुटलेलं सूत त्यांनी बोटाला गुंडाळलं. "दुसऱ्या वर्षी मी एकटीच चालत आली. आन् या झाडाखाली बसून तिच्या नावानं काय काय बोलली, ते तुमाले नाही सांगत. दरवर्षी बोलली. या सगळ्यायले बजावलं, सुशीले कोणी फोन करायचा नाही. माह्यासाठी ती मेली."

मला वाटत होतं, फोन आपोआप कमी झाले. माझ्या ते पथ्यावरच पडलं होतं. दिवाळी सरली की अक्का फोनजवळची खुर्ची धरून बसायची. कुणाचा येणार आहे का, असं विचारलं की म्हणायची, "नाही. इथं ऊन येते."

"तिच्या जितेपणी काहून नाही सांगितलं?" कुसुमताईंनी विचारलं.

"धीर झाला नाही."

"आता झाला?"

मी खरचटलेल्या गुडघ्यावरून हात फिरवला.

"तुमाले मोकळं वाटत असन आता. मी काय करू? ज्या बाईनं काही केलं नाही तिले मी इतकी वर्षं शिव्या देल्या. त्या कुठं ठेवू आता?" त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मग त्या उठल्या. "चला. मी तिले सगळ्यायसमोर बोलली. तुमी सगळ्यायसमोर सांगा."

"कुसुमताई, तुम्हीच सांगाल तर..."

"उठा, भाऊ."

वर्गात पस्तीस-चाळीस मुलांसमोर उभं राहण्याची सवय असलेला मी त्या सतरंजीच्या कडेला चपला हातात घेऊन उभा राहिलो. बायका पानं मांडत होत्या. कुसुमताई म्हणाल्या, "थांबा वं जराशा. सुशीचे भाऊ बोलून राहिले." मी बोललो. बाकावर सांगितलं तेवढंच, आणि बागांचंही. तेलंगखेडी, महाराजबाग. मान खाली होती. मला फक्त पत्रावळी दिसत होत्या आणि त्यांवर पडलेली आवळ्याची बारीक पानं. पेढ्यांवरून चिडवणारी ठेंगणी बाई तोंडाला पदर लावून बसली होती. कुणी मला शिवी दिली नाही. एकीनं पेढ्यांचा पुडा उचलला आणि दुसरीकडे, पिशव्यांमागं नेऊन ठेवला.

त्यांच्यात सगळ्यांत म्हाताऱ्या एक गंगाबाई होत्या. झाडाला टेकून बसलेल्या, कानांनी अधू. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "काय म्हणून राहिले वं ते? सुशीचं काय?"

कुसुमताई हळूहळू खाली बसल्या, त्यांच्या कानाशी गेल्या आणि सगळ्या बगिच्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सुशीनं काही केलं नव्हतं, गंगाबाई. तिले ठाऊकच नव्हतं. यायनं तिले सांगितलं नाही, आन् मी तिले विचारलं नाही."

गंगाबाईंनी ते ऐकलं. ओठ हलवत पुन्हा एकदा मनाशी म्हटलं.

"मंग आता तिले कोण सांगन?"

पंगत वाढायची होती, ती वाढली गेली. कुसुमताईंनी माझ्यासमोरही पान मांडायला सांगितलं. वाढलं मात्र दुसऱ्या बाईनं. रोडगा कडक होता, भरीत फार तिखट होतं. मी ते सगळं खाल्लं. पानात काही टाकायची माझी हिंमत नव्हती.